गृहारोग्य : अण्णांच्या कानांतील रातकिडे

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या घरीं एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. रात्रीं साऱ्यांची निजानीज झाली, कीं आमचे थोरले बंधु अण्णा हळूच उठत, न्हाणीघरांत जाऊन नळ नीट बंद आहे कीं नाहीं तें पाहत, तेथून गच्चीच्या जिन्यापर्यंत जाऊन पाण्याची मोटर चालू तर राहिली नाहीं ना याची खात्री करून घेत, आणि परत येऊन अंथरुणावर नुसते बसून राहत. एके रात्रीं त्यांनीं फ्रिजचें बटणच बंद केलें व सकाळीं दूध नासल्यामुळें घरांत बोलाबोली झाली. "कसला तरी बारीक आवाज सारखा येतो," एवढेंच ते म्हणत. आम्ही सारे कान देऊन ऐकत असूं, पण कोणास कांहीं ऐकूं येत नसे. अण्णांचें वय त्र्याहत्तर. वडीलधाऱ्या माणसाविषयीं जें कोणी उघड बोलत नाहीं पण साऱ्यांच्या मनांत येतें, तेंच आमच्याही मनांत आलें. सूनबाईंनीं तर भीतभीत एकदां विचारलेंही, "काका, अण्णांना भास तर होत नसतील ना?"

भास नव्हता. आवाज खरोखरच होत होता. तो बाहेरून येत नव्हता इतकेंच. या विकारास आपल्या जुन्या वैद्यकांत कर्णनाद असें नांव आहे व हल्लींचे डॉक्टर त्यास टिनिटस म्हणतात. कोणास शिट्टी ऐकूं येते, कोणास वाफेचा फुसफुसाट, कोणास दूरच्या यंत्राची घरघर. अण्णांस रातकिडे ऐकूं येत. हा विषय या महिन्यासाठीं आम्हीं घेतला तो अण्णांच्या परवानगीनें. आणि खरें सांगावयाचें तर, ज्यांच्या कानांत आवाज होतो त्यांच्यापेक्षां, त्यांच्या घरांतील ज्या मंडळींस तो ऐकूं येत नाहीं त्यांनीं हें टिपण वाचावें अशी आमची अधिक इच्छा आहे. कारण अण्णांच्या बाबतींत जो काळ व्यर्थ गेला, त्याचा दोष त्यांच्या कानांकडे थोडा आणि आम्हां सर्वांकडे पुष्कळ येतो.

हा विकार यंत्रयुगानें नव्यानें आणलेला आहे असें मात्र कोणी समजूं नये. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे जे २८ रोग सांगितले आहेत त्यांत कर्णनादाची गणना आहे, आणि माधवनिदानांत तर रोग्यास भेरी, मृदंग, शंख यांच्यासारखे नाद ऐकूं येतात असें वर्णन आहे. युरोपांतील थोर संगीतकार बीथोव्हेन यानें १८०१ सालीं आपल्या वेगेलर नांवाच्या डॉक्टर मित्रास पत्र लिहून, आपले कान रात्रंदिवस गुणगुणत असतात, आणि बहिरेपण उघड होईल या भीतीनें आपण सुमारें दोन वर्षें लोकांत मिसळणें टाळीत आलों आहों, असें कळविलें होतें. तेव्हां त्याचें वय अवघें तीस वर्षांचें. कानाचें दुखणें लपवून ठेवण्याची ही खोड आमच्या अण्णांची एकट्यांचीच नव्हे, हें वाचून आम्हांस थोडें हायसें वाटलें.

निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०२२ सालीं जें अनुमान प्रसिद्ध झालें त्याप्रमाणें प्रौढ माणसांपैकीं सुमारें १४ टक्के लोकांस हा आवाज ऐकूं येतो. परंतु ज्यांस त्याचा तीव्र त्रास होतो असे लोक शेंकडा दोनच्या आसपासच आहेत. या दोन आंकड्यांतील अंतर वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावें. पंक्तीस पंधरा प्रौढ माणसें बसणाऱ्या घरांत असे दोघे सहज निघतील. पण आवाज असूनही बहुतेकांचें कांहीं अडत नाहीं, आणि एखाद्याचें मात्र आयुष्य त्यानें पोखरलें जातें. असें कां व्हावें? या प्रश्नाच्या उत्तरांतच उपायाची किल्ली आहे, असें आम्हांस या वर्षाच्या अनुभवानें वाटूं लागलें आहे.

प्रथम आवाज येतो कोठून तें पाहूं. आपल्या अंतःकर्णांत गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळीं घेतलेली एक इवलीशी नळी असते. तिच्यांत सुमारें १५,००० सूक्ष्म पेशी असून त्यांच्या माथ्यावर केसांसारखे तंतू असतात. ध्वनीच्या लाटेनें हे तंतू हलले, कीं पेशी श्रवणाच्या नसेमार्फत मेंदूकडे वर्दी पाठवितात. नळीच्या तोंडाशीं असलेल्या पेशी उंच पट्टीचे स्वर टिपतात व आंतल्या टोंकाच्या पेशी खर्जाचे. वय झालें म्हणजे तोंडाजवळच्या पेशी आधीं निकामी होतात. मोठ्या आवाजानेंही प्रथम त्याच बाजूस इजा पोंचते. आणि मनुष्याच्या कानांत एकदां मेलेली पेशी पुन्हां उगवत नाहीं. अण्णांनीं सोलापुरांतील एका गिरणीच्या सांचेखात्यांत २६ वर्षें काढलीं. शेंकडों सांचे एकदम चालत असलेल्या जागेंतील आवाज ९५ डेसिबलच्या वर सहज जातो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाचे आठ तास सोसण्यास हरकत नाहीं असें मानलें, तर पुढें दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्म्यानें घटते असा तज्ज्ञांचा एक हिशेब आहे. त्या हिशेबानें १०० डेसिबलांत पंधरा मिनिटेंच उभें राहावें. अण्णा तेथें आठ-आठ तास उभे राहिले, तेंही कानांत साधा कापूस न घालतां. त्या काळीं पाळी सुटल्यावर घरीं येतांना कान सुन्न होत व रात्रभर वाजत. सकाळीं सारें पूर्ववत् होई. "सांचा कानांत घेऊन आलों," असें ते थट्टेनें म्हणत. ती थट्टा पुढें इतकी खरी ठरेल असें कोणास वाटलें नव्हतें.

आतां, पेशी मेल्या तर शांतता व्हावी, आवाज कां व्हावा? जुन्या रेडिओवर दूरचें केंद्र नीट लागेना म्हणजे आपण आवाजाची कळ पिळीत जातों. गाणें तर येत नाहीं, पण खरखर मात्र खोलीभर होते. मेंदूही असेंच कांहीं करतो, असा आजच्या बहुतेक शास्त्रज्ञांचा तर्क आहे. कानाकडून उंच स्वरांच्या वर्द्या येईनाशा झाल्या म्हणजे तो आपली कळ वाढवितो, आणि मग मज्जातंतूंची स्वतःची जी नित्याची कुजबुज असते तीच त्यास ऐकूं येऊं लागते. कांहीं रोग्यांची श्रवणाची नस शस्त्रक्रियेंत कापली गेल्यावरही आवाज चालूच राहिला, यावरून त्याचें ठाणें कानांत नसून पुष्कळदां मेंदूंत असतें हें दिसून येतें.

शांततेचा आणि या आवाजाचा संबंध किती निकट आहे हें हेलर व बर्गमन या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९५३ सालीं दाखविलें. ज्यांचे कान चांगले आहेत अशा ८० माणसांस त्यांनीं ध्वनि आंत येऊं न देणाऱ्या खोलींत एकेक करून बसविलें व काय ऐकूं येतें तें विचारलें. त्यांपैकीं ९४ टक्क्यांस गुणगुण, शिट्टी, घरघर असें कांहींना कांहीं ऐकूं आलें! म्हणजे अण्णांच्या कानांतील रातकिडे तुमच्याआमच्याही कानांत आहेत; बाहेरच्या गलबल्यांत ते आपणांस उमगत नाहींत एवढेंच.

अण्णा नेमके याच्या उलट वागत होते, आणि आम्ही त्यांस मदत करीत होतों. आवाजाचा त्रास होतो ना, मग घरांत आवाज नको, या सरळ वाटणाऱ्या विचारानें त्यांच्या खोलींतला पंखा बंद झाला, खिडक्या लागल्या, मुलांस ओरडा बसूं लागला, सूनबाई भांडीं घासतांना ताटाला ताट लागूं देत नाहींशा झाल्या. अण्णा कानांत कापसाचे बोळे घालून बसूं लागले. घर जितकें शांत झालें तितके रातकिडे माजले. दोन महिन्यांनीं तर पानावर चमचा आपटला तरी अण्णा दचकूं लागले.

दरम्यान उपाय सांगणारांची वाण नव्हती. एका शेजारणीनें लसूण घालून कढविलेलें तेल कानांत सोडण्यास सांगितलें. वहिनींनीं तें तापवूनही आणलें होतें. आम्हीं तें वेळींच थांबविलें हीच काय ती त्या दिवसांतली आमची शहाणपणाची गोष्ट. पडद्यास भोंक असेल तर असें तेल आंत जाऊन कान फुटावयाचा, आणि तें अति ऊन असेल तर पडदा भाजावयाचा. केसांची पिन, आगकाडी, कापूस गुंडाळलेल्या काड्या हीं हत्यारें कानांत घालणारांस तर आम्ही हात जोडून सांगतों कीं, यांनीं मळ बाहेर येत नाहीं, तो ठासून आंत बसतो. दुसऱ्या एका स्नेह्यांनीं चहा सोडण्याचा सल्ला दिला. अण्णांनीं पन्नास वर्षांचा चहा एका दिवसांत सोडला. त्यांचें डोकें मात्र चार दिवस दुखलें, आणि आवाज होता तेथेंच राहिला. चहाकॉफी सोडल्यानें कर्णनाद कमी होतो असें सिद्ध झालेलें नाहीं, हें आम्हांस मागाहून कळलें व वहिनींनीं आधण ठेवलें. वर्तमानपत्रांतील जाहिराती वाचून कोणी गिंकोच्या गोळ्या आणून दिल्या. अमेरिकेंतील कानाच्या तज्ज्ञांच्या संस्थेनें २०१४ सालीं जीं मार्गदर्शक सूत्रें काढलीं त्यांत गिंको, जस्ताच्या गोळ्या, मेलॅटोनिन वगैरे पूरक पदार्थ या विकारासाठीं देऊं नयेत असें स्पष्ट म्हटलें आहे. आणि आमच्या एका वृद्ध आप्तांनीं तर अण्णांचें अभिनंदनच केलें! हठयोगप्रदीपिकेंत वर्णिलेला नाद तुम्हांस विनासायास लाभला, म्हणाले. योगमार्गाविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे. पण जो नाद साधकानें साधनेनें मिळवावयाचा, तो रात्रीं दोन वाजतां न मागतां पदरीं पडला म्हणजे माणसाचे काय हाल होतात, हें त्या आप्तांनीं एकदां आमच्याकडे मुक्कामास राहून पाहावें.

ज्या डॉक्टरांकडे आम्ही प्रथम गेलों त्यांनीं दुर्बिणीनें कानही न पाहतां, "वयाप्रमाणें व्हायचेंच, सोसा आतां," असें म्हणून दोन मिनिटांत वाट दाखविली. त्यांचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. पण वैद्याच्या तोंडून निघालेलें असें एक वाक्य काय करतें, तें आम्हीं पाहिलें. त्यानंतर अण्णा पंक्तीस येईनासे झाले. आणि एके रात्रीं आम्ही पाणी प्यावयास उठलों, तों ते अंधारांत झोपाळ्यावर बसलेले. म्हणाले, "बाळ, हें असेंच मरेपर्यंत चालायचें असेल, तर मरण लवकर आलेलें बरें." आमच्या सबंध आयुष्यांत अण्णांच्या तोंडून असा शब्द आम्हीं ऐकला नव्हता. असें कोणी बोललें तर तें म्हातारपणचें बोलणें म्हणून सोडून देऊं नये. त्याच रात्रीं जवळ बसावें, बोलूं द्यावें, एकटें ठेवूं नये, आणि दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांस हीच गोष्ट सर्वांआधीं सांगावी. सरकारनें २०२२ पासून मनाच्या दुखण्यासाठीं १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीची विनामूल्य सोय केली आहे, ती अशा वेळीं उपयोगी पडते.

दुसरे डॉक्टर निराळ्या वृत्तीचे निघाले. त्यांनीं अर्धा तास नुसतें ऐकून घेतलें. मग कान तपासून एका कानांतील मळाचा खडा काढला, रक्तदाब पाहिला, आणि अण्णा कोणकोणतीं औषधें घेतात त्यांची यादी मागितली. कारण ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रा, क्विनीन, जेंटामायसिनच्या वर्गांतील इंजेक्शनें, कर्करोगावरील सिस्प्लॅटिन, लघवी होण्याचीं कांहीं औषधें यांनींही कान वाजूं लागतात. (अशी शंका आल्यास डॉक्टरांस विचारावें, चालू औषध आपल्या मनानें बंद करूं नये.) नंतर श्रवणतज्ज्ञांकडून कानांची परीक्षा करविली. तिचा जो आलेख निघाला त्यांत ४००० हर्ट्झच्या जागीं रेघ विहिरींत पडावी तशी खालीं गेलेली होती. "गिरणींत होतां काय?" असें डॉक्टरांनीं तो कागद पाहूनच विचारलें. मोठ्या आवाजानें बिघडलेल्या कानाची ही खूण आहे. मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नांवाची जी राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे तेथें व पुष्कळ मोठ्या सरकारी रुग्णालयांत ही परीक्षा होते. त्रास असलेल्या माणसानें ती एकदां करून घ्यावीच.

येथें थोडें थांबून एक गोष्ट बजावून सांगणें जरूर आहे. बहुतेक कर्णनाद निरुपद्रवी असतो हें खरें, तरी कांहीं प्रकारांत उशीर चालत नाहीं. एकाएकीं, म्हणजे दोनतीन दिवसांच्या आंत, एखाद्या कानानें ऐकूं येईनासें झालें व तो वाजूं लागला, तर "थंडीनें कान भरला असेल" असें म्हणत घरीं बसूं नये. त्याच दिवशीं कानाच्या डॉक्टरांकडे जावें. या दुखण्यावर स्टिरॉइडचा उपचार आहे, पण तो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तरच गुण येण्याची आशा बाळगतां येते. आवाज एकाच कानांत येत असेल तर त्याची कसून तपासणी झाली पाहिजे, कारण क्वचित् श्रवणाच्या नसेवर सौम्य गांठ वाढत असते. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर दोष रक्तवाहिन्यांत असूं शकतो. आवाजाबरोबर घेरी येत असेल, कान वाहत असेल, चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल, किंवा डोक्यास मार लागल्यावर हें सुरू झालें असेल, तरीही विलंब करूं नये. अण्णांच्या बाबतींत यांतलें कांहींच नव्हतें.

तेव्हां डॉक्टरांनीं जें सांगितलें तें असें. हा आवाज घालवील अशी गोळी आज जगांत कोठेंही नाहीं. ती आहे असें म्हणणारा फसवीत आहे. परंतु आवाज न जातांही त्याचा त्रास जाऊं शकतो. रुळांशेजारीं राहणारास रात्रींची गाडी ऐकूं येत नाहीं, पण त्याच घरांतील आईस पाळण्यांतलें मूल किंचित् कण्हलें तरी जाग येते. गाडीचा आवाज का लहान असतो? पण गाडींत धोका नाहीं व मुलाच्या कण्हण्यांत आहे, हें मेंदूंतल्या पहारेकऱ्यास ठाऊक असतें. कर्णनाद ज्यास छळतो त्याच्या पहारेकऱ्यानें त्या आवाजास चोर ठरविलेलें असतें. तो रात्रंदिवस कान टंवकारून बसतो, आणि जितका टंवकारतो तितका आवाज मोठा वाटतो. जास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञानें १९९० मध्यें ही उपपत्ति मांडल्यापासून उपचाराची दिशाच बदलली. चोर पकडण्याचा नाद सोडून पहारेकऱ्याची समजूत घालावयाची, असें आतां धोरण आहे.

अण्णांच्या कानांस प्रथम श्रवणयंत्रें लागलीं. त्यांची किंमत थोडी नाहीं, आणि अण्णा मोठ्या नाराजीनें तयार झाले. म्हाताऱ्यास कशाला इतका खर्च, हें ठरलेलें वाक्य. पण उंच स्वर पुन्हां आंत येऊं लागले, मेंदूस कळ पिळण्याचें कारण उरलें नाहीं, आणि यंत्रें लावलेलीं असतांना रातकिडे मागें हटतात असें त्यांस पहिल्या आठवड्यांतच जाणवलें. दुसरा एक लाभ आम्हांस अनपेक्षित होता. अण्णांस 'साठ' व 'आठ', 'हात' व 'सात' यांतला भेद ऐकूं येत नव्हता, व ते चुकीचें उत्तर देण्यापेक्षां गप्प बसत. आम्ही त्यास त्यांचा तुसडेपणा समजत होतों! यंत्रें लागल्यावर ते पुन्हां पंक्तीस येऊन बसूं लागले.

रात्रीं यंत्रें काढावीं लागतात. तेव्हांसाठीं पंखा पुन्हां सुरू झाला, आणि उशाशीं नातवाच्या जुन्या मोबाइलवर तंबोरा लागूं लागला. त्याचा आवाज रातकिड्यांस बुडवील इतका मोठा ठेवावयाचा नाहीं, तर त्यांच्याहून जरा खालींच ठेवावयाचा, म्हणजे दोन्ही ऐकूं येत राहतील. जें कानावरच पडत नाहीं त्याची संवय होणार कशी, असें डॉक्टर म्हणतात. या ध्वनीच्या उपायास अद्याप फार भक्कम पुरावा नाहीं, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. पण त्यांत अपाय नाहीं, खर्च नाहीं, आणि अण्णांस झोंप येते. तंबोऱ्याऐवजीं कोणास पावसाचा आवाज चालेल, कोणास हळू लावलेला रेडिओ.

भक्कम पुरावा आहे तो मनाच्या संवयी बदलण्याच्या उपचारास. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनें २०२० सालीं सर्व प्रयोगांचा परामर्श घेऊन, या उपचारानें कर्णनादाचा जीवनावरील ताण कमी होतो असा निष्कर्ष काढला. मानसोपचार म्हटल्याबरोबर अण्णा बिथरले. "मी वेडा नाहीं," म्हणाले. तुम्ही वेडे नाहीं म्हणूनच हा उपचार तुमच्या उपयोगीं पडेल, अशी डॉक्टरांनीं त्यांची समजूत घातली. एका तज्ज्ञ बाईंकडे ते आठ आठवडे जात होते. तेथें औषध नाहीं, मंत्र नाहीं, एक वही. तिच्या डाव्या पानावर मनांत जो भीतीचा विचार आला तो जसाच्या तसा लिहावयाचा, आणि उजव्या पानावर, वकिलानें साक्षीदारास विचारावें तसें त्यास विचारून, खरें काय घडलें तें लिहावयाचें. अण्णांच्या परवानगीनें त्यांतील एक नोंद येथें देतों. डावीकडे: "रात्रीं १॥. आवाज फार. आतां झोंप नाहीं. उद्यांचा दिवस वाया." उजवीकडे, दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं: "झोंप चार तास झाली. दिवस वाया गेला नाहीं. बँकेंत जाऊन आलों. धाकटीस अपूर्णांक समजावले. दुपारीं रातकिड्यांची आठवण झाली नाहीं, चार वाजतां झाली." अशीं त्यांनीं तीन वह्या भरल्या. सव्वीस वर्षें कापडाच्या वाराचा हिशेब ठेवलेला माणूस; हिशेब म्हटला कीं त्यास हुरूप येतो.

घरच्या मंडळींस जें शिकावें लागलें त्यापैकीं एक गोष्ट आम्हांस फार जड गेली. अण्णा बरे होऊं लागल्यावर आम्ही सारे प्रेमानें रोज सकाळीं विचारूं लागलों, "काय अण्णा, आज आवाज कसा आहे?" शेवटीं एक दिवस ते हांसून म्हणाले, "तुम्हीं विचारलेंत, म्हणून आला." औषध घेतांना माकडाची आठवण करूं नको असें सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे, "तिकडे लक्ष देऊं नका" असा उपदेश आणि "आज कसा आहे?" ही चौकशी, हीं दोन्ही त्याच माकडाचीं भावंडें. हल्लीं आम्ही विचारीत नाहीं. त्यांच्याशीं बोलतांना समोर येऊन बोलतों, दुसऱ्या खोलींतून हांक मारीत नाहीं, आणि सूनबाईंचीं भांडीं पूर्वींसारखीं वाजतात. रातकिडे गेले काय? नाहीं गेले. थकवा आला, पडसें झालें, घरांत कांहीं कटकट झाली, कीं ते वर डोकें काढतात. पण नळ पाहावयास अण्णा आतां उठत नाहींत.

श्रावण-भाद्रपदांत आणखी एक गोष्ट घडली ती सांगावीशी वाटते. अण्णांचा नातू ढोलपथकांत आहे. नदीकांठच्या सरावाहून एके रात्रीं तो घरीं आला व जेवतांजेवतां मोठ्यानें बोलूं लागला. वहिनींनीं "अरे, ओरडतोस कां?" म्हणून विचारलें, तेव्हां म्हणाला, "कान सुन्न झालेत, आजी. कुंई असं वाजतंय आंत. सकाळपर्यंत जातं, रोजचंच आहे." अण्णांचा घांस हातांतच राहिला. मग त्यांनीं त्यास सांचेखात्याची हकीकत पहिल्यापासून सांगितली. ढोल सोड, असें मात्र म्हणाले नाहींत. दुसऱ्या दिवशीं भर पावसांत छत्री घेऊन ते बाजारांत गेले आणि कानांत घालावयाचे फोमचे बोळे पथकांतील चोवीस मुलांपुरते चोवीस जोड घेऊन आले. विसर्जनाच्या दिवशीं त्यांपैकीं नऊ जणांनींच ते घातले होते, असें नातू सांगतो. उरलेल्या पंधरा जणांचे पत्ते अण्णा त्याच्याकडे मागत आहेत.